छम्जीला काय खायचंय?

श्रावणात फाकदिंगला ढग खिडकीतून आत येतात आणि विचारणारं कोणी नसल्यामुळे तसेच बसून राहतात. लॉज रिकामं होतं. जेवणघरातले गालिचे गुंडाळून ठेवलेले, खाली दूधकोसी नदी आपलंच घोडं पुढे दामटत होती. चुलीपाशी बटाटे निवडता निवडता छम्जी म्हणाली, "मला ट्रेकला जायचंय."

तिचा नवरा ग्याल्जेन तीस वर्षं गाइड होता. त्याने चहाचा पेला खाली ठेवला. "कुठे? नामचेच्या बाजाराला?"

"बाजाराला नाही. ट्रेकला. गिऱ्हाईक म्हणून. सोपा, चार-पाच दिवसांचा, आपल्याच गावांमधून."

तीस वर्षं ती गिऱ्हाइकांना बघत आली होती. विमानातून उतरून वरच्या बर्फाच्या शिखरांकडे निघालेला प्रत्येक जण पहिली रात्र फाकदिंगला काढतो, त्यामुळे जगातल्या कुठल्या कुठल्या माणसांना तिने "काय खाणार?" म्हणून विचारलं होतं. ती माणसं खिडकीशी पाय पसरून बसत, मेनूकार्डावरून बोट खाली नेत, पुन्हा वर आणत, आणि त्यांचं काही केल्या ठरत नसे. त्या न ठरण्याचा छम्जीला फार हेवा वाटे. ती स्वतः वरच्या गावांना गेली होती, नाही असं नाही. पण लग्नाला नाहीतर मयताला, आणि लॉज म्हणजे कोणा ना कोणा नातेवाइकाचं. पहिला पेला संपायच्या आत हातात सुरी यायची.

तिला काय हवं ते विचारणारी एकच झाली, फोर्त्सेची मावशी. छम्जी आठ वर्षांची असताना आई गेली, तेव्हा मावशीने तिला दोन हिवाळे आपल्याकडे ठेवून घेतलं होतं. रोज संध्याकाळी मावशी विचारायची, "आज काय करू गं तुला?" त्यानंतर पन्नास वर्षं झाली. आता मरायच्या आधी एकदा तरी कोणी विचारावं, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती बोलून दाखवताना तिला लाज वाटली.

ग्याल्जेन हसला नाही. त्याने टोपलीतले बटाटे उचलून टेबलावर ओळीने मांडले. "हे नामचे. इथे दोन रात्री."

"दोन कशाला?"

"हवा मानवायला."

"मला? अरे, मी पहाटे निघून तिथला बाजार करते आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला घरी असते!"

"गिऱ्हाईक व्हायचंय ना? मग गिऱ्हाइकासारखं दमायचं, पाहुणेबाई. पुढे खुमजुंग, एक रात्र. मग फोर्त्से. चढ मध्यम. गुडघे दुखतात का?"

"तीस वर्षं बरोबर झोपतोस, आणि गुडघ्यांचं आता विचारतोस होय, गाइडसाहेब?"

आठ दिवस हा बेत चालला. संध्याकाळी ढग आत आले की दोघं बटाट्या-बटाट्याने चालायला लागत. मोंग-लाच्या खिंडीत वारा असेल का, भूर्जाच्या रानात शेवाळ अजून दाढीसारखं लोंबतं का, याची ती चौकशी करी आणि तो डोळे मिटून सांगे. कधी सांगता सांगता त्याचा डोळा लागे, मग छम्जी एकटीच पुढे जाई. तिला दिसायची एक खिडकी, खिडकीत ऊन, आणि कोणीतरी पदराला हात पुसत तिच्याकडे येत असायचं. त्या कोणाला तोंड नव्हतं. बटाटे तेवढे दिवसेंदिवस सुरकुतत चालले होते.

अटी दोनच ठरल्या. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही आणि कार्ड मागायचं.

नामचेला तिची चुलतबहीण किन्झुम दारातच उभी होती. छम्जी शहाण्यासारखी जेवणघरातल्या बाकावर जाऊन बसली.

"ही काय तऱ्हा?" किन्झुम कडाडली. "परक्यांच्या बाकावर बसून माझी अब्रू काढतेस? चल आत!" तिने दंडाला धरून आत नेलं, गळ्यात पडून रडली आणि डोळे पुसत पुसत बटाट्यांचं घमेलं पुढे सरकवलं. दोन रात्री छम्जीने नामचेची हवा मानवून घेतली ती सालं काढत.

खुमजुंगला नणंद होती. तिथे छम्जीने हट्टाने कार्ड हातात घेतलं. पहिल्या ओळीवर बोट टेकवलं न टेकवलं तोच नणंदेने ते काढून घेतलं.

"ते पाहुण्यांचं असतं गं. तुला काय करायचंय त्याचं? आमच्याशी वाकडं आहे का तुझं?"

आणि ग्याल्जेन? हा गृहस्थ आत चुलीपाशी कधीच जाऊन बसला होता आणि बहिणीने घरी गाळलेली छांग पीत होता. घरचा भेदी म्हणतात तो हाच.

सकाळी वाटेला लागल्यावर छम्जी तरातरा पुढे चालली. मग म्हणाली, "चुलीत गेला तुझा बेत."

"एक रात्र आहे अजून."

"फोर्त्सेला मावशी आहे. ती तर मला चुलीपासून हलूसुद्धा देणार नाही."

असं म्हटल्यावर मात्र तिला हलकं वाटलं. आशा सुटली की पाठीवरचं ओझंही उतरतं. मोंग-लावर ढग इतके खाली आले होते की स्तूपाला उजव्या हाताला ठेवून वळसा घालताना पुढचा ग्याल्जेन नुसता ऐकू येत होता. खाली नदी ओलांडून दोघं भूर्जाच्या रानात शिरले. शेवाळ खरंच लोंबत होतं, दाढीसारखं. एक डांफे पक्षी वाट ओलांडून गेला, निळा, हिरवा, पुन्हा निळा, आणि आपण चुलीपाशीच बसून हे सगळं ऐकतोय असं छम्जीला क्षणभर वाटलं.

फोर्त्सेत बटाट्यांची काढणी चालू होती. मावशीची सून शेतातच भेटली. "घरात आहेत त्या," ती म्हणाली. "जरा विसरतात हल्ली." ग्याल्जेन तिला पोतं उचलू लागला आणि छम्जी एकटी पुढे गेली. सात-आठ वर्षांत इकडे येणं झालं नव्हतं.

दुपारचं ऊन नुकतंच ढगातून सुटलं होतं. जेवणघराच्या दारात मावशी उभी होती, वाळून एवढीशी झालेली. तिने छम्जीकडे पाहिलं, चेहरा फुलला, आणि ती लगबगीने खिडकीजवळचा बाक बाहीने पुसू लागली.

"या, बसा हं. दमला असाल. कुठून आलात?"

छम्जी बसली. मावशीने गरम चहा आणून ओतला, घोटभर कमी होताच पुन्हा भरला, नको म्हटल्यावर तिसऱ्यांदा भरला. मग कार्ड आणून दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवलं आणि पदराला हात पुसत विचारलं, "काय खाणार आपण?"

पन्नास वर्षं थांबली होती ती या वाक्यासाठी. ऊन होतं, खिडकी होती, आणि त्या तोंड नसलेल्या कोणाला आता तोंड होतं. तिला ढसाढसा रडावंसं वाटलं.

"मावशी, मी छम्जी."

"अगबाई, छम्जी? आमचीपण एक छम्जी आहे." मावशी कौतुकाने हसली. "फाकदिंगला दिलीय. फार राबते बिचारी, यायला होत नाही तिला."

छम्जीने कार्डावरून बोट खाली नेलं, पुन्हा वर आणलं. अक्षरं ओली होऊन पसरली होती. मावशी शांतपणे वाट पाहत उभी होती, कितीही वेळ थांबेल अशी.

"तुमच्या छम्जीला काय आवडायचं?"

"रिकीकुर! दुसरं काय? बटाटा किसायचा, तव्यावर जाड थापायचा, वर लोण्याचा गोळा. चार-चार खायची, एवढीशी पोर."

"मग मलाही तेच द्या."

मावशीचा चेहरा पडला. "ते कार्डात नाही हो. ते घरच्यांचं खाणं. आत चुलीपाशी बसून, तव्यावरचं ताटात पडलं तरच खरं. बाहेर पाहुण्यांना नाही देत आम्ही."

"मग मी आत येऊ?"

मावशीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. ओळख पटली नाही, पण काहीतरी पटलं असावं.

"ये तर मग," ती म्हणाली. "बाह्या वर कर. बटाटे किसायला लागतील."

छम्जीने कार्ड बाकावर उपडं ठेवलं आणि उठली. या खेपेला तिला कोणी दंडाला धरून नेत नव्हतं.