भुताच्या पोटातली बरणी

माझ्या पोटात काय आहे ते बाहेरून सगळ्यांना दिसतं. त्यामुळे मलाही काही सांगायचं असेल, असं कुणाच्या मनात येत नाही. आज मात्र ओट्यावर दुपारचं ऊन आलंय, घरात कुणी नाही, आणि तुम्ही आला आहात. तेव्हा बसा. मी पाच लिटरची, रुंद तोंडाची, लाल झाकणाची काचेची बरणी. राहणार सिंगापूर, ईस्ट कोस्टजवळच्या एका कॉन्डोच्या नवव्या मजल्यावर.

माझा जन्म पलीकडे मलेशियात, काचेच्या भट्टीत झाला. ते फारसं आठवत नाही. भाजलेलं कुणाला आठवायला आवडतं? समज आली ती इथल्या बेडोक भागातल्या एका भांड्यांच्या दुकानात. माझ्या बहिणी चिनी नववर्षाच्या बिस्किटांसाठी भराभर विकल्या गेल्या. माझ्या बुडाशी हवेचा एक बुडबुडा राहून गेलाय, म्हणून मी मागे उरले.

सुलेखा आली होती गाळणं घ्यायला. तिने मला उचललं, उजेडात धरलं आणि दुकानातल्या बाईंना म्हणाली, "आन्टी, दिस वन गॉट बबल."

"बबल फ्री, लाह," आन्टी म्हणाली.

सुलेखा इतकी हसली की मला घेतल्याशिवाय तिला जाताच येईना.

घरी तिघं होती. सुलेखा, तिचा नवरा निशिकांत आणि मुलगी इरा. निशिकांत पुण्याचा, एका बँकेच्या कम्प्युटर विभागात मॅनेजर, मोजकं बोलणारा. सुलेखा त्याची कसर भरून काढायची. तिला पेयांचं वेड होतं. कुणी म्हणावं भेंडी रात्रभर भिजवून ते पाणी प्यावं, की झाली माझ्या पोटात भेंडी बुळबुळीत. मग दुधीचा रस. मग पांदानची सुवासिक पानं घातलेलं बार्लीचं पाणी. मग शेवग्याच्या पाल्याचं काहीतरी, ज्याचा रंग मला आठवडाभर सोडेना. एकदा तर आंबवलेलं पेय करायला चहाच्या पाण्यात जेलीसारखी एक जाड साय वाढवली. ती माझ्यात तरंगायची, आणि निशिकांत फ्रीज उघडताना तिच्याकडे बघायचं टाळायचा.

"नाक धरू नकोस," सुलेखा त्याला म्हणायची. "नाक धरून प्यायलं तर गुण येत नाही."

"मला काही झालेलंच नाही. गुण कशाला येईल?"

"म्हणून तर पी. झाल्यावर कोण पितं?"

इरा एक घोट घेऊन सिंकवर वाकायची. "मम्मा, दिस वन टेस्ट लाइक ड्रेन, लाह!"

"तू कधी प्यायलीस ड्रेनचं पाणी?" सुलेखा विचारायची, आणि मग दोघी हसत सुटायच्या.

सगळ्यात टिकलं ते कारल्याचं. हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या खाऊच्या बाजारातल्या, रसवाल्या आन्टीकडून ती शिकून आली होती: कारलं, हिरवं सफरचंद, लिंबू आणि आल्याचा तुकडा. ते अधूनमधून माझ्यात असायचंच.

ऑक्टोबर लागला की माझी नोकरी बदलायची. हॅलोवीनला कॉन्डोतली मुलं दारोदार चॉकलेटं मागत फिरतात. पण ज्या दारावर काही लावलेलं असेल, तिथलीच बेल वाजवायची असा इथला नियम. सुलेखाने त्याला आपला एक नियम जोडला होता: सजावटीसाठी विकत काही आणायचं नाही. अंड्यांचे कागदी ट्रे कापून काळे रंगवले की वटवाघळं. टॉयलेट रोलच्या नळ्यांना डोळ्यांच्या आकाराची भोकं पाडून आत छोटा दिवा ठेवला की अंधारात कुणीतरी टपलेलं. आणि भूत म्हणजे निशिकांतचा जुना पंचा. तो मैद्याच्या खळीत बुचकळून माझ्यावर पांघरायचा, पंख्याखाली वाळू द्यायचा. इथली हवा दमट, वाळायला वेळ लागे. कडक झाला की मला हळूच खालून काढून घ्यायचं. पंचा तसाच उभा राहायचा, आत कुणी नसताना. तेवढे दिवस मी भुताच्या पोटात बसून असे, आणि मला ते आवडायचं. आयुष्यात तेवढ्यापुरतीच मी कुणाला दिसत नसे.

फेब्रुवारीत एका सकाळी सुलेखा ऑफिसला निघाली आणि एमआरटी मेट्रोच्या फलाटावर कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ती परत आली नाही.

तेव्हा माझ्यात बार्लीचं पाणी होतं, अर्ध्याच्या वर. ते कुणी प्यायलं नाही, कुणी फेकलंही नाही. खूप दिवसांनी निशिकांतने मला सिंकमध्ये रिकामं केलं, दोनदा धुतलं, पुसलं, आणि कपाटावर उपडं घातलं. वरून मला घर दिसायचं. उलटं, पण दिसायचं.

माणसं वाईट नसतात. पहिल्या आठवड्यात घर भरलेलं होतं. पुढे मेसेज येऊ लागले. मग बेल वाजेनाशी झाली. समोरच्या दारातली वेई लिंग, जिचा जेडन इराच्या वर्गात आहे, आपलं दार किलकिलं करायची. आमच्या कुलपाचा आवाज ऐकला की लिफ्ट जाईपर्यंत पुन्हा लावून घ्यायची. वरून मला तिची सावली दिसायची, दाराखालच्या फटीतून.

ऑक्टोबरात निशिकांतची थोरली बहीण, नीताताई, पुण्याहून आली. दिवाळीला पोरीला एकटं वाटू नये म्हणून. आल्या आल्या तिने कपाटं उतरवली. मला खाली घेऊन उजेडात धरलं.

"ही त्या रसांची बरणी ना? इतके रस प्यायली बिचारी, आणि शेवटी काय उपयोग झाला?"

निशिकांतने हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. नीताताईलाही आपलं बोलणं लागलं असावं, कारण तिने मला उगाचच तिसऱ्यांदा पुसलं.

त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले होते. आमच्या दाराला मात्र दोन्ही वर्ज्य.

"वर्ष व्हायचंय," नीताताई म्हणाली. "यंदा सण नाही. कंदील नाही, कढई नाही, गोडधोड नाही."

"आत्या, हॅलोवीन इज नॉट सण," इरा म्हणाली.

"चॉकलेटं वाटतात ना? मग सणच झाला. आणि ज्या घरातून माणूस गेलंय, त्या घरात भुतं टांगायची?"

इराने बाबाकडे पाहिलं. बाबाने चष्मा पुसायला घेतला.

सणाच्या आदल्या दिवशी शाळेतून आल्यावर इराने मला गुपचूप बाथरूममध्ये नेलं. वाडग्यात मैदा कालवला होता, गुठळ्यांसकट. पंचा बुडवला, माझ्यावर घातला, चुण्या जागच्या जागी बसवल्या. तिचे हात आईसारखेच चालत होते. फक्त ती हसत नव्हती. मग ती चित्रकलेच्या शिकवणीला गेली.

थोड्या वेळाने नीताताई आली. तिने पंचा पाहिला, बोटाने चाचपला आणि म्हणाली, "अगं बाई. खळ घातलीय आणि अशी वाळत टाकलीय?" तिने तो माझ्यावरून उचलला, झटकला, आणि दिवाणखान्यात नेऊन इस्त्री तापवली.

इरा परत आली तेव्हा भूत चौपदरी घडी होऊन सोफ्यावर बसलं होतं.

"आत्या! व्हॉट डिड यू डू!"

"काय केलं म्हणजे? खळीचं कापड अर्धवट ओलं असतानाच इस्त्री करायची असते. आईने शिकवलं नाही का तुला?"

"दॅट्स माय घोस्ट!"

निशिकांत नेमका दारातून आत येत होता, खांद्यावर लॅपटॉपची बॅग. "काय झालं?"

"आत्याने माझ्या भुताला इस्त्री केली!"

निशिकांतने घडी पाहिली. कोपरे अगदी जुळलेले. त्याच्या तोंडून एक विचित्र आवाज आला, मग तो हसायला लागला. बॅगेसकट खाली बसला आणि हसतच राहिला. ते हसू पुढे वेगळंच काहीतरी झालं, तेव्हा नीताताई त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "निशी, अरे, मला कसं कळणार? पंचाच होता तो."

इरा उभीच होती. "आत्या, मला भूत नकोय. दारावर काही नसेल ना, तर नोबडी प्रेसेस द बेल. मम्मा गेल्यापासून नोबडी. फराळ पण बाहेर ठेवून जातात."

शू-रॅकवर तीन डबे होते. मराठी मित्रांनी दाराशी ठेवून नुसता मेसेज केलेला.

"मला वाटलं, इथली पद्धतच तशी," नीताताई म्हणाली.

"नाही, ताई," निशिकांत म्हणाला. "पूर्वी वाजायची."

मग नीताताई उठली, पंच्याची घडी उलगडली. "गोड वाटायचं नाही म्हणजे नाही. पण उद्या नरक चतुर्दशी. आंघोळ झाली की कारीट चिरडून जिभेला लावतात. कडू चालतं."

"ताई, मुलं चॉकलेटं मागायला येतात."

"येऊ दे तर खरी. इथे कारलं मिळतं ना?"

दुसऱ्या दिवशी कारली आली. सफरचंदावरून थोडा वाद झाला.

"फळ गोड. नको."

"हिरवं आहे, ताई. आंबट असतं."

तिने फोड चाखली. "चालेल. पण एकच."

मग कितीतरी महिन्यांनी मी गळ्यापर्यंत भरले. हिरवीगार. मला त्यांनी दारातल्या स्टुलावर ठेवलं, बाजूला कागदी पेले. भूत पुन्हा उभं करायला वेळ नव्हता, म्हणून इराने इस्त्रीच्या पंच्यावर डोळे आणि तोंड काढून तो तसाच सपाट दाराला चिकटवला. घड्यांच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या.

लॉबीतून पावलं गेली. खालच्या मजल्यावर पोरांचा कल्ला ऐकू येत होता. लिफ्ट थांबली, कुणीतरी उतरलं, पलीकडे वळलं. इरा दाराला कान लावून होती. निशिकांत उगाच पेले सरळ करत होता. पुन्हा लिफ्ट थांबली.

आणि बेल वाजली.

दारात एक सांगाडा, दोन चेटकिणी आणि खोक्याचा एक रोबो. "ट्रिक ऑर ट्रीट!" मग सांगाड्याचं लक्ष दाराकडे गेलं. तो जेडन होता. "वाह्, इरा, युअर घोस्ट सो नीट वन! हू आयर्न?"

"माझी आत्या," इरा म्हणाली. "नो ट्रीट. ओन्ली ट्रिक. यू डेअर ऑर नॉट?"

नीताताईने डावाने पेला भरला. "घे रे सांगाड्या. हाडं बळकट होतील."

त्याला शब्द कळला नाही, सूर कळला. तो एका दमात प्यायला आणि भिंतीला धरून ओरडला, "आय्योऽऽ!" त्यानंतर रोबोला माघार घेता येईना. चेटकिणी एकमेकींना ढकलत प्यायल्या. बातमी जिन्याने खाली गेली असावी, कारण बेल मग थांबेचना. पोरं कडू पिऊन जात आणि भावंडांना प्यायला लावायला परत येत. इरा सगळ्यांची तोंडं बघून हसता हसता लोळायचीच बाकी राहिली होती.

गर्दी ओसरल्यावर वेई लिंग दिसली. ती लिफ्टपाशी भिंतीला टेकून उभी होती, कधीपासून कोण जाणे. पुढे आली आणि इंग्रजीत, खाली बघत म्हणाली की रोज हे दार दिसायचं, काय बोलावं सुचायचं नाही, म्हणून तिने बेल वाजवली नाही.

"मलाही सुचलं नसतं," निशिकांत म्हणाला, आणि तिला पेला दिला.

ती तोंड वाकडं न करता सगळा प्यायली. पेला परत देताना म्हणाली, "सुलेखाचा इतका कडू नसायचा."

तिने तो कधी प्यायला होता, हे निशिकांतला ठाऊक नव्हतं. मला होतं. मुलं शाळेच्या बसमध्ये चढली की दोघी याच दारात उभ्या राहून प्यायच्या, ऑफिसला उशीर होईपर्यंत. सुलेखाचं नाव त्या घराच्या उंबऱ्यावर कितीतरी दिवसांनी कुणीतरी सरळ घेतलं होतं. निशिकांतने दाराची चौकट धरली.

"ती सफरचंदं जास्त घालायची," तो म्हणाला. "ताईने एकच घालू दिलं."

"नेक्स्ट टाइम टू," वेई लिंग म्हणाली. आणि दोघंही हसले, जरा ओलं, पण हसले.

नीताताई परत गेली. जाताना तिने मला कपाटावर ठेवलं नाही. आता मी ओट्यावर असते. कधी रिकामी, कधी बार्ली, रविवारी बहुतेक कारलं. निशिकांत अजून नाक धरूनच पितो. माझ्या काठाला एक बारीक टवका उडालाय, किती वर्षं टिकेन माहीत नाही. काचेला तेवढंच कळतं, की आत असलेलं बाहेर दिसतं. माणसांचं तसं नसतं. बंद दारामागे काय भरून राहिलंय, ते तुम्हाला बाहेरून कळायचं नाही.

म्हणून जाता जाता एवढंच सांगते. तुमच्या शेजारी असं एखादं दार असेल, तर शब्द सापडायची वाट बघू नका. आत कदाचित काहीतरी कडूच प्यायला मिळेल. पण बेल वाजवा.