गुरुवारची विनाशिका

"अहो, मग तुमची विनाशिका चाचणीला समुद्रात जाणार तरी कधी?"

गुम-ओकने मुळ्याच्या सूपचा वाडगा पुढे ठेवला आणि गिल-नामचा चमचा हातातच राहिला.

असले प्रश्न ती नेहमीच विचारायची. दक्षिण कोरियातल्या उल्सानच्या गोदीत तो विनाशिकेच्या, त्या नव्या युद्धनौकेच्या, पोटात विजेच्या तारा ओढायचं काम करी. तार किती जाड असते, अंधारात भीती वाटत नाही का, असं ती विचारी आणि तोही रंगवून सांगे. पण आज दुपारी सुरक्षा खात्याच्या साहेबाने त्याला बोलावून घेतलं होतं.

"बायको चीनमधली ना तुझी?"

"कोरियनच आहे, साहेब. जन्मली तिकडे एवढंच. बहीण असते तिची तिकडे, यान्जी शहरात."

"घरी जहाजाच्या गप्पा होतात?"

"छे हो! तिला खानावळीतल्या किमचीच्या बरण्यांतून सवड कुठाय?"

साहेब हसला. "सहज विचारलं रे."

ते 'सहज' कुसळासारखं रुतून बसलं होतं.

"गुरुवारी," गिल-नाम म्हणाला. विनाशिका मंगळवारी निघणार होती.

जेवण झाल्यावर गुम-ओक बाल्कनीत फोनवर बोलत होती. तो दाराआड उभा राहिला. बहिणीशी बोलताना ती भरभर चिनीत शिरे, त्याला काही कळेना. मध्येच कोरियनमधलं 'गुरुवार' ऐकू आलं, आणि मग तिचं हसू. ती झोपल्यावर त्याने तिचा फोन चाळला. भाच्याचे फोटो आणि चिनी अक्षरं. ती अक्षरं तो कितीतरी वेळ बघत बसला, जणू नुसतं बघून अर्थ लागणार होता.

मंगळवारी विनाशिका गेली. तो घरी काही बोलला नाही.

गुरुवारी कामावरून आला तेव्हा गुम-ओक ओट्याशी डबा धूत होती. उन्हाने तिचं नाक लाल झालं होतं.

"खानावळीतून सुट्टी घेतली होती आज," ती म्हणाली. "दीपस्तंभाच्या टेकडीवर जाऊन बसले. बहिणीला म्हटलं होतं, ह्यांचं जहाज जाताना बघणार आहे. दिवसभर मासेमारीच्या होड्याच बघितल्या."

"ते... मंगळवारीच गेलं."

"तारीख बदलली?"

त्याला 'हो' म्हणता आलं असतं. पण त्याची नजर तिच्या फोनकडे गेली, आणि तिने ती पाहिली.

"असं होय," ती म्हणाली. एवढंच. डबा पुसून तिने फडताळात ठेवला.

पुढच्या वर्षी विनाशिका नौदलात दाखल झाली. पहिल्या गस्तीवरून परतल्यावर बुसानच्या तळावर कामगारांना सहकुटुंब बोलावणं आलं. गुम-ओक येणार नाही असं त्याला वाटलं होतं. ती चांगला कोट घालून आली.

फाटकावर पर्स-पिशव्या तपासून आत सोडत होते, लांब रांग होती. त्यांची पाळी यायच्या आतच गुम-ओकने पर्स उघडली आणि गिल-नामपुढे धरली.

"आधी तुम्ही बघून घ्या."

"अगं, काय हे... लोक बघतायत."

"बघू देत की."

त्याने पर्सला हात लावला नाही. तिने शांतपणे ती मिटली आणि पहारेकऱ्याकडे दिली.

जहाजावर तो तिला डोलकाठीपाशी घेऊन गेला. "ही बघ, वरपर्यंत गेलीय ना, ती सगळी तार आमच्या टोळीने ओढली. पावसात, दोरीला लटकून." तो थांबला. आता ती काहीतरी विचारेल म्हणून वाट बघत राहिला.

गुम-ओकने मान डोलावली. मग कठड्यापासून दोन पावलं दूर, दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे पुढे बांधून ती उभी राहिली.