उलटं वर्तुळ

मुंबईच्या फेरीत चिमा एकोणीस जणींत अकरावी आली. का आली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. जमिनीवर आखलेल्या वर्तुळाच्या रेघेवरून एका पायावर पाठमोरं फिरायचं होतं. अर्धं वर्तुळ झालं आणि तिचा तोल गेला. वर उचललेला पाय तिने खाली टेकला. बस्स, तिथेच सगळे गुण गेले.

१९८२ सालची गोष्ट. चाकांच्या बुटांवरच्या स्केटिंगची ती कुमार गटाची आशियाई मालिका होती. पहिली फेरी मुंबईला, दुसरी पुढच्या जानेवारीत पुण्याला. दोन्हींचे गुण मिळून पहिल्या सहा जणी तिसऱ्या फेरीला कोलंबोला जाणार होत्या. जपानच्या मुली होत्या, श्रीलंकेच्या होत्या, आणि लोधिवलीची ही तेरा वर्षांची चिमा होती.

तिची आई अंबूबाई रसायनीच्या एका कारखान्यात, साहेबलोकांच्या क्लबात झाडलोट करी. कुणा साहेबाच्या मुलीला लहान झालेले बूट तिथूनच मिळाले. शिकवलं सहदेवने. तो त्याच कारखान्यात फिटर होता. तरुणपणी मुंबईच्या एका स्केटिंग हॉलमध्ये लोकांना बूट वाटायच्या कामावर होता, तिथे बघून बघून शिकला होता. पाळी सुटली की क्लबाच्या हॉलमध्ये तो चिमाला तासभर घेई.

मुंबईहून परत आल्यावर क्लबाच्या कमिटीने सांगून टाकलं, हॉल फक्त सभासदांच्या मुलांसाठी.

अंबूबाई भडकली. "ती फरशी रोज मीच पुसते, आन माजी पोर तिथं पाय ठेवू शकत नाय?"

"आय, भांडू नको," चिमा म्हणाली. "आपल्याला फरशीच पायजेल ना? मी बघते."

गावाबाहेर ओढ्याकाठी नागूशेठची भातगिरणी होती. उकडलेलं भात वाळवायला तिथे सिमेंटची मोठी गुळगुळीत फरशी केलेली होती. चिमा एकटीच जाऊन शेठपुढे उभी राहिली.

"माज्या भातात चाकं फिरवणार व्हय गं?" नागूशेठ हसला.

"भात उचलल्यावर. तवर दुपारची तुमचं भात पायानं फिरवून देईन. शाळा सकाळची हाय माजी."

शेठने दोन दिवस तिचं काम पाहिलं आणि मग हो म्हटलं. पाय घासत, सरळ ओळीत चालत, तापलेल्या फरशीवर ती भात खालीवर करी. तळव्यांना फोड आले तेव्हा तिने चिंध्या बांधल्या, पण सांगितलेलं चुकवलं नाही. चारला भात पोत्यात गेलं की सहदेव खिळा आणि दोरी घेऊन येई, खडूने वर्तुळ काढी आणि म्हणे, "चल. उलटं."

पहिले पंधरा दिवस एकही वर्तुळ पुरं झालं नाही. कोपरं सोलली. मग एकदा झालं, मग दिवसाला दहा होऊ लागली. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी तिने वीसपैकी अठरा वर्तुळं रेघ न सोडता पुरी केली.

पुण्याला अंबूबाईही आली. सरावाला दहा मिनिटं मिळाली. चिमाने पाठमोरी सुरुवात केली आणि अर्ध्यावर रेघेच्या वीतभर आत गेली. पुन्हा केलं, पुन्हा आत. सहदेवचा चेहरा पडला.

"बूट ढिला झालाय का गं पोरी?"

"बूट बरोबर हाय." चिमा फरशीकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "काका, शेठच्या फरशीला उतार हाय. पाणी जायाला वड्याच्या अंगाला केलेला. मी तिथं अर्ध्यावर खांदा आत दाबते, नायतर घसरले असते. हिथं सपाट हाय, तरी मी दाबतेच."

सहदेवने कपाळावर हात मारला. दोन महिने त्या फरशीवर शिकवत होता, पण उतार त्याच्या ध्यानातच आला नव्हता. "आता गं? तीन मिनिटं उरली."

"तीन रगड झाली."

तिने चालच कमी केली. इतकी की जपानची एक मुलगी वळून बघू लागली. अर्ध्यावर आल्यावर खांदा आपसूक आत जायला लागे, तेव्हा ती दात आवळून त्याला जागच्या जागी धरी. पहिल्यांदा चार बोटं आत गेली, दुसऱ्यांदा दोन. तिसऱ्याला शिट्टी झाली.

तिचं नाव पुकारलं. तीन परीक्षक वाकून, रेघेवर डोळे लावून तिच्याबरोबर चालू लागले. अर्धं वर्तुळ आलं. खांदा खेचला गेला, तिने तो धरला. पाय थरथरला, पण चाकं रेघेवरच राहिली. वर उचललेला पाय तिने वर्तुळ पुरं होईपर्यंत खाली आणला नाही.

त्या दिवशी उलट्या वर्तुळाला सगळ्यांत जास्त गुण तिला मिळाले. संध्याकाळी स्पर्धेचा दुसरा, संगीतावर उड्या घ्यायचा भाग झाला. त्यात तिच्याकडे दोनच साध्या उड्या होत्या. इतर मुली हवेत गिरक्या घेत होत्या. दोन्ही फेऱ्यांची बेरीज लागली तेव्हा चिमा सातवी होती.

अंबूबाईला आकड्यांतलं काही कळलं नव्हतं. एस.टी. घाटात शिरल्यावर तिने विचारलं, "ते सायेब वाकून वाकून बघत व्हते. मंग तुजाच पयला नंबर ना?"

"वर्तुळात. सगळं मिळून सातवा."

"आन जायाचं व्हतं कितींनी?"

"सहा जणींनी."

अंबूबाईने पोरीचा हात आपल्या मांडीवर घेतला. चिमाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते गालावर उतरायच्या आत तिने बाहीने पुसलं आणि पुढच्या बाकावर पेंगणाऱ्या सहदेवचा खांदा हलवला.

"काका, ह्या गटात पंधरा पुरी होईस्तवर खेळता येतं ना?"

"येतं की. अजून दोन वरसं हायत तुला."

"मंग उड्या कधी शिकवताय?"

"अगं, मलाच धड येत नायत त्या," सहदेव म्हणाला.

"मंग जाऊन बघून या मुंबईला. तुमी बघूनच शिकला ना?"

सहदेव जागा होऊन नीट बसला. खिशातून पेन्सिल काढून तिकिटाच्या पाठीवर उडी घेताना पाय कुठे असतो ते चितारू लागला, आणि चिमा बाकाच्या पाठीवरून वाकून, जिथे चुकलंसं वाटे तिथे त्याला थांबवू लागली.