ब्रेक माझे शाबूत होते

मित्रांनो, मी आंजर्ल्याची एक जुनी जीप आहे. माझा हिरवा रंग खाऱ्या वाऱ्याने केव्हाच खाऊन टाकला आहे. डाव्या अंगावर पुढच्या चाकापासून दारापर्यंत एक लांब ओरखडा आहे. तो कसा पडला, हे मी कोणालाच सांगू शकले नाही. आज तुम्हाला सांगते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मला आप्पांनी घेतले. आप्पांचा जन्म बोटीवरच्या नोकरीत गेलेला. गावी परतल्यावर घरी बसवेना, म्हणून त्यांनी मला रस्त्यावर आणले. सकाळी सहाला आंजर्ल्याहून दापोलीची पहिली फेरी. कॉलेजची मुले, मास्तर, भाजीच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या बाया, सगळी माझ्यात दाटीवाटीने बसत. बारा वर्षांत आमची फेरी कधी चुकली नाही. लोक म्हणत, "आप्पांची गाडी बघून घड्याळ लावावं." ते ऐकून माझे इंजिन जरा जास्तच सुरात चाले.

पुढे आप्पांच्या डोळ्यांना कमी दिसू लागले आणि मुंबईची नोकरी सोडून त्यांचा मुलगा गुरुप्रसाद गावी आला. माणूस लाखात एक. यमुनाबाईंची मेथी-माठाची पाटी तो स्वतः उचलून टपावर ठेवी. पण मुंबईत रात्रपाळी करून त्याच्या झोपेचे पार तीनतेरा वाजले होते. मी त्याच्या खोलीच्या खिडकीखाली उभी असे. तो रात्री दहाला चहा घेई, त्यानंतर जेवे, आणि मग खिडकीत मोबाइलचा निळसर उजेड कितीतरी वेळ हलत राही. सकाळी गजर वाजे. तो बंद करी. पुन्हा वाजे, पुन्हा बंद. पाचव्या गजराला तो धडपडत उठे आणि तोंडावर पाणीही न मारता माझ्यात येऊन बसे.

गाडीला चालक कळतो तो त्याच्या हातांवरून. गुरुप्रसादचे हात मध्येच सैल पडत आणि मग दचकून घट्ट होत. आधी हे आठवड्यातून एखाद्या वेळी घडे, मग रोज घडू लागले. आसूदचा उतार जवळ आला की माझा जीव टांगणीला लागे.

पौषातला तो सोमवार होता. रविवारी तो दुपारपर्यंत लोळला होता, त्यामुळे रात्री त्याला झोपच लागली नव्हती. माझ्यात नऊ माणसे होती. त्याच्या शेजारी योगिनी बसली होती. ती दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकणारी मुलगी. उतार सुरू झाला आणि त्याचे हात सैल झाले. मी वाट पाहिली, आता दचकेल. तो दचकला नाही. उलट ॲक्सिलरेटरवरचा पाय जड झाला. समोर वळण होते, वळणाच्या खाली पऱ्याची, म्हणजे ओढ्याची, खोल घळ.

"गुरूदादा!" योगिनी किंचाळली आणि तिने स्टिअरिंग आपल्याकडे ओढले. माझे अंग रस्त्याकडेच्या जांभ्या दगडांच्या गडग्यावर घासत गेले. तेव्हा कुठे त्याचा पाय ब्रेकवर आला. मी थांबले, तेव्हा पुढचे एक चाक घळीवर अधांतरी फिरत होते.

एकेक माणूस मागच्या बाजूने उतरला. कोणाला खरचटलेही नव्हते. यमुनाबाई मटकन रस्त्यावरच बसल्या. "मेल्या, काय झालं रे? मारत होतास आम्हाला!"

गुरुप्रसादचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने एकदा योगिनीकडे पाहिले आणि म्हणाला, "ब्रेक लागला नाही."

मित्रांनो, घळीची भीती मी सोसली. पण हे शब्द मला सोसवले नाहीत. माझे ब्रेक शाबूत होते. लागले होते म्हणून तर नऊ माणसे जिवंत उतरली होती. पण गाडीला बोलता येत नाही, आणि बोलता येत होते ती योगिनी मान खाली घालून उभी होती.

मला ओढत घरी आणले आणि माडाखाली उभे केले. कोणी काच पुसेना. कोंबड्या टपावर बसू लागल्या. मला भंगारात काढायचे ठरले. गुरुप्रसाद नवी व्हॅन आणणार होता, आणि तिच्यातून बालवाडीची मुले नेणार होता. ते ऐकल्यापासून मला माझे दुःख उरले नाही. रात्री खिडकीत तोच उजेड हलताना दिसे, आणि डोळ्यांपुढे तेच वळण येई.

आप्पांना चैन पडेना. त्यांनी दापोलीहून काशीराम मिस्त्रीला बोलावले. मिस्त्री अर्धा दिवस माझ्याखाली पडून होता. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "आप्पा, ब्रेकात काही खोट नाही हो."

"थंडीत कधीतरी धरत नाहीत," गुरुप्रसाद घाईने म्हणाला.

त्याच संध्याकाळी योगिनी आली. ती बराच वेळ घरापुढच्या खळ्यात घुटमळली. मग आप्पांसमोरच म्हणाली, "गुरूदादा, तुझा डोळा लागला होता. तुझं पोट यावर आहे, म्हणून मी बोलले नाही. पण आता त्या व्हॅनमध्ये बारकी पोरं बसणार."

गुरुप्रसाद माझ्या बॉनेटला टेकला.

"खरं आहे," तो म्हणाला. "मला आठवतच नाही आप्पा, ते वळण कधी आलं."

आप्पा ओरडले नाहीत. "बोटीवर पहारा असायचा ना," ते म्हणाले, "तेव्हा पहाऱ्याआधीची झोपही कामातच धरायची. न झोपता पहाऱ्यावर आलेल्याला आम्ही उभं करत नसू. पंधरा दिवस तू चावीला हात लावायचा नाहीस. आपला आपण उठायला शीक."

दुसऱ्या दिवशी तो यमुनाबाईंच्या आणि बाकीच्यांच्या दारी जाऊन खरे काय ते सांगून आला. मला भंगारात काढायचा आणि व्हॅन आणायचा बेतही मागे पडला.

मग जी झुंज सुरू झाली, ती मी जवळून पाहिली. दुपारनंतर चहा बंद. दिवेलागणीला पेज-भात. नऊ वाजता तो मोबाइल आणून माझ्या कप्प्यात ठेवी. पहिले चार दिवस फार वाईट गेले. तो कूस बदलत राही, आणि एकदा मध्येच उठून माझ्या दारापाशी आलाही. कडीला हात लावला. मी श्वास रोखावा तशी उभी होते. तो तसाच परत गेला.

सकाळी गजर माझ्या पोटात वाजे, त्यामुळे तो बंद करायला त्याला खळ्यात यावेच लागे. तांब्याभर पाणी पिऊन तो अनवाणी समुद्रापर्यंत चालून येई. रविवारीही तीच वेळ. अकराव्या दिवशी मी पाहिले, गजर वाजायच्या आधीच तो दारात उभा होता. डोळे स्वच्छ.

सोळाव्या दिवशी आम्ही निघालो, तेव्हा माझ्यात दोघीच होत्या, योगिनी आणि यमुनाबाई. उतार आला. त्याच्या हाताची पकड मला आप्पांच्या पकडीसारखी लागली. वळण गेले. यमुनाबाईंनी पदराने तोंड पुसले.

हळूहळू माणसे परत आली. पण मला त्याची खरी ओळख पटली ती गेल्या महिन्यात. त्याची मुलगी सानवी तापाने फणफणली होती आणि तो रात्रभर तिच्या उशाशी बसला होता. सकाळी माणसे जमली. योगिनीची परीक्षा होती. गुरुप्रसाद आला, स्टिअरिंगवर हात ठेवून क्षणभर बसला, आणि उतरला.

"आज मी गाडी काढणार नाही," तो सर्वांना म्हणाला. "रात्री झोप झालेली नाही. मी फोन केलाय, दुसरी गाडी येतेय."

एकजण कुरकुरला. यमुनाबाईंनी त्याला गप्प केले. "थांब रे बाबा जरा. सांगतो तरी आहे."

मित्रांनो, मी त्या दिवशी माडाखालीच उभी राहिले, आणि इतक्या वर्षांत जागेवर उभे राहण्याचा मला असा अभिमान कधी वाटला नव्हता. तुम्ही मोठे व्हाल, कोणी गाडी चालवाल, कोणी होडी, कोणी दवाखाना. तुमच्या भरवशावर कोणीतरी निर्धास्त बसलेले असेल. त्यांच्यासाठी वेळेवर झोपा. आणि झोप झाली नसेल, तर तसे सांगायला लाजू नका.