ओतून दिलेलं पाणी

मी रागीट आहे हे आमच्या प्रयोगशाळेतल्या भिंतींनाही माहीत आहे. कुणी बाटलीवर तारीख टाकली नाही, की मी त्याची तिथल्या तिथे शाळा घेते. सव्वीस वर्षं पेशी वाढवतेय आणि माझ्या हातून चूक होत नाही, असं मीच सगळ्यांना ऐकवत असते. त्या गुरुवारी मात्र मीच माती खाल्ली.

पेशी वाढवणाऱ्याच्या हाताला एकच सवय: पेशी जपायच्या आणि त्यांना पोसणारं पाणी जुनं झालं की ते ओढून फेकायचं. या कामात नेमकं उलटं. कुत्र्यांच्या चरबीतून काढलेल्या पेशी त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या पिशव्या सोडतात. त्या झिजलेल्या सांध्यात टोचल्या तर आतली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, पुन्हा भरायला मदत होईल, असा आमच्या मॅडमचा अंदाज. म्हणजे जपायचं ते पाणी! आणि मी आपली गुणगुणत आठही बाटल्यांतलं पाणी ब्लीचच्या कॅनमध्ये ओतून मोकळी. शेवटची बाटली रिकामी झाली तेव्हा कुठे लक्षात आलं.

ते पाणी शेठसाठी होतं. शेठ हा बसवरून निवृत्त झालेल्या ड्रायव्हरकाकांचा बावीस किलोचा म्हातारा कुत्रा. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, काकांची पाठ कामातून गेलेली. शेजारी त्याला उचलून वर-खाली न्यायचे, पण ते सात आठवड्यांनी घर बदलणार होते. तोवर शेठ स्वतः जिना चढला नाही, तर काकांची बहीण त्याला आपल्या तळमजल्यावरच्या घरी नेणार होती. औषधाचा गुण दिसायलाही सात आठवडेच लागणार आणि इंजेक्शन होतं दुसऱ्या दिवशी.

'पेशी खराब निघाल्या' म्हटलं असतं, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. खोटं कशाला सांगू, दोन मिनिटं तोही विचार आला. मग गेले मॅडमकडे.

"सगळं ओतलं?" त्यांनी कपाळाला हात लावला.

"सगळं. चूक माझीच."

"पेशी जिवंत आहेत ना?"

"ठणठणीत."

"मग नवं पाणी घाला, पुन्हा सोडतील. पण गोळा करून, गाळून, तपासून आठवडा जाणार. काकांना तुम्हीच सांगा."

संध्याकाळी काकांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. ते शेठच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

"अहो ताई, शेजारी गेल्यावरचा तो एक आठवडा त्याला उचलणार कोण?"

"मी. आठवडा मी घालवलाय, तर उचलणारही मीच."

बोलून तर गेले! बहीण आणखी एक आठवडा थांबायला तयार झाली, पुढच्या शुक्रवारी शेठला इंजेक्शन मिळालं आणि ठरल्याप्रमाणे शेजारी घर सोडून गेले. बावीस किलो म्हणजे काय ते आठव्या आठवड्यातल्या सोमवारी कळलं. सकाळ-संध्याकाळ तीन मजले, आणि हा महाशय माझ्या खांद्यावरून जिन्यातल्या लोकांकडे ऐटीत बघायचा. शनिवारी चार पायऱ्या चढला आणि बसला. मला रात्रभर झोप लागली नाही.

रविवारी बहीण गाडी घेऊन आली आणि वर जाऊन बसली. मी खाली शेठला उचलायला वाकले. तो बाजूला झाला. पुन्हा वाकले, पुन्हा बाजूला. मग त्याने पहिल्या पायरीवर पंजा ठेवला.

एक मजला. दम खाल्ला. दुसरा मजला. मी मागून दोन्ही हात पसरून चाललेले, तोंडाने "हळू रे राजा, हळू" चालूच. शेवटच्या वळणावर तो दिसेनासा झाला आणि वरून काका ओरडले, "अगं, आला! आपल्या पायांनी आला!"

"मग मी गाडी कशाला आणली?" बहीण हसत म्हणाली.

मी जिन्यातच बसकण मारली आणि भोकाड पसरलं. एवढी मोठी बाई, पण काय करणार! तेवढ्यात वरून नखांचा टकटक आवाज आला. मी वर आले नाही म्हणून शेठ मला न्यायला खाली आला होता. त्याने माझं नाक चाटलं, वळला आणि पुन्हा चढायला लागला.