सपाट आणि शीग

तलवाड्याच्या सुंदररावांच्या वखारीत, दारामागच्या फळीवर सात मापं होती. दोन चिपटी, एक मापटं, एक शेर, एक पायली आणि दोन अधोली. चार चिपट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोलींची पायली. मित्रांनो, मी एक जुनी अधोली आहे. त्या दोघींपैकी रुंद तोंडाची ती मी.

दुसरीचं तोंड सहा बोटं आणि खोली नऊ बोटं. माझं तोंड साडेदहा बोटं आणि खोली फक्त तीन. तरी दोघींत ज्वारी दोनच शेर मावे. मला शिरूरच्या एका कासारानं पितळेच्या पत्र्यातून ठोकून घडवलं. तेव्हा त्यानं विचारलं होतं, "मालक, इतकी पसरट कावून? परातच घ्या की."

"हात नीट जातो आत," सुंदरराव म्हणाले.

कासार खाली मान घालून हसला आणि ठोकत राहिला. त्याला कळलं होतं, पण न कळण्याची मजुरीही त्याला मिळणार होती.

पुढे मापं तपासायला अंमलदार आला. त्यानं दोघींत पाणी भरलं, एकीतलं दुसरीत ओतलं आणि दोघींच्या कडेवर मोहर उठवली. त्याचं काम चोख होतं. पाणी सपाट असतं, आणि त्याला सपाट तेवढंच तपासायचं होतं. दुपारचं जेवण त्यानं सुंदररावांच्या ओसरीवर केलं.

आता आमची कामं सांगते. वखारीत कापूस वेचून साफ करणाऱ्या, गाठोडी बांधणाऱ्या गड्याला रोजची मजुरी एक अधोली ज्वारी. ती अरुंद अधोलीनं, तोंडावरून पट्टी फिरवून, सपाट. वखारीमागे सुंदररावांच्या सात खोल्या होत्या. तिथे हेच गडी राहत. खोलीचं भाडं महिन्याला सहा अधोली ज्वारी. ते माझ्यानं, आणि शीग लावून. शीग म्हणजे काठाच्या वर ओतत राहायचं, दाणे घरंगळून खाली पडू लागेपर्यंत. देणं सपाट, घेणं शिगेचं, अशी मालकांची रीत. धान्याचा ढीग एका ठरावीक उतारापलीकडे चढत नाही. म्हणून अरुंद तोंडावर शीग लहान राहते. माझ्यावर मात्र ती छोट्या टेकडीएवढी होई. सातही खोल्यांतली माणसं दर महिन्याला ती टेकडी बघत. कुणाच्याही डोक्यात शंका आली नाही. मोहर होती ना!

चौथ्या खोलीत आश्रुबा आणि त्याची बायको भिवराबाई राहत. आश्रुबाचे दंड भक्कम होते. विचार करण्याचं काम त्यानं मालकावर सोपवलं होतं.

फसली तेराशे पंचवीसच्या, म्हणजे इसवी एकोणीसशे सोळाच्या, पाडव्याला सुंदररावांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. दूर कुठेतरी साहेबांची लढाई चालली होती, आणि जालन्याच्या अडत्याकडून भाव चढणार असल्याचा निरोप त्यांना आला होता. तो निरोप त्यांनी सांगितला नाही. ते म्हणाले, "जालन्याच्या कारखान्यात गड्याला नगदी मिळतं. माझे गडी काय कमी हायेत? आजपासून रोज दोन आणे, आपल्या संस्थानच्या हाली नाण्यात. पदरात दाणे घेऊन बलुत्यावानी जायचं बंद!"

त्या दिवशी बाजारात रुपयाला सोळा शेर ज्वारी होती. दोन आण्याला बरोबर दोन शेर. हिशोब इतका स्वच्छ होता की सातही खोल्यांनी मिळून मालकाला झेंडूचा हार घातला. माणूस आपला तोटा हार घालून घरी आणतो, हे मी तेव्हा प्रथम पाहिलं.

भिवराबाई नवऱ्याला म्हणाली, "मजुरी नगदी, तर भाडं बी नगदी घ्या म्हणावं की."

"गप बस. मालकानं मान दिलाय, त्यात बी खुसपट काढती!"

"मानाची भाकर होती का?"

आश्रुबा दोन आणे मुठीत वाजवत राहिला.

दोन वर्षांत भाव सोळा शेरांवरून बारावर आला, मग नऊवर, मग सहावर. दोन आण्याला आता तीन चिपटी ज्वारी येई. भाडं मात्र ज्वारीचं, म्हणून ते जागचं हललं नाही. सहा अधोली, शिगेच्या. पूर्वी आठ दिवसांच्या मजुरीत ते भागत असे. आता बावीस दिवस लागत. उरलेल्या आठ दिवसांच्या मजुरीवर महिनाभर जेवायचं. लोकांनी कारणं शोधली. कुणी म्हणे ग्रह फिरलेत, कुणी म्हणे बायकांचा हात सैल झालाय. सटवा नावाचा शेजारी तर ठामपणे सांगे, "नगदीला बरकतच न्हाई बघ." मालकाला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

अखेर आश्रुबा मालकाकडे गेला. भिवराबाईला सातवा महिना सरत होता, म्हणून तिनं त्याला ढकललं. भाडं महिन्याच्या आरंभी, आगाऊ द्यायचं असे. नाही दिलं, तर नेकनूरकडचं एक कुटुंब चौथ्या खोलीसाठी थांबलेलं होतंच. तिला बाळंतपण भिंतींच्या आत व्हायला हवं होतं. याहून जास्त तिनं काही मागितलं नव्हतं.

"मालक, दोन आण्यात भागंना. पयल्यासारखी अधोलीच द्या."

सुंदरराव पान चघळत म्हणाले, "आता कावून रं? हार कुणी घातलता? म्या घातलता का माझ्याच गळ्यात?"

वखारीतले बाकीचे गडी हसले. त्यांनाही दोन आणेच मिळत होते. तरी ते हसले.

भिवराबाईनं पायातले चांदीचे वाळे काढून विकले आणि बसप्पाच्या दुकानातून भाड्याची ज्वारी आणली. बसप्पा लिंगायत वाणी, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे. त्यानं आपल्या अरुंद तोंडाच्या अधोलीनं, बाजारच्या रीतीप्रमाणे शीग लावून मापलं. "लाभ, दोन, तीन," करत सहापर्यंत गेला. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. तो लाभ कुणाचा, ते विचारायचं नाही.

भाड्याच्या दिवशी अंगणात सातही खोल्या जमल्या होत्या. राधाकिशन मापाडी मला घेऊन बसला. त्यानं भिवराबाईचं पोतं सोडलं. लाभ, दोन, तीन, चार. पाचवी जेमतेम काठापर्यंत आली आणि पोतं रिकामं झालं.

"कमी हाय," राधाकिशन म्हणाला.

"सहा हायेत. बसप्पाआप्पांनी मापून दिल्यात."

"मग बसप्पानं मारली असंल," सुंदरराव म्हणाले. "वाणीच तो. बाई, उद्या सकाळी खोली सोडा."

सटवानं मान डोलावली. "मालक म्हणत्यात तर तसंच असंल."

भिवराबाईनं ज्वारी पुन्हा पोत्यात भरली आणि पोतं आश्रुबाजवळ ठेवलं. ती सरळ बाजारात गेली आणि भरल्या दुकानात बसप्पाला म्हणाली, "मालक म्हणत्यात, तुमी माप मारलं."

मित्रांनो, बसप्पाला भिवराबाईची दया आली असं समजू नका. माझं तोंड त्यानं दहा वर्षांत पन्नास वेळा पाहिलं होतं. मी काय आहे ते त्याला पहिल्याच दिवशी उमगलं होतं, आणि तो गप्प बसला होता. आता त्याच्या दुकानाचं नाव गेलं होतं, म्हणून तो आपली अधोली काखेत मारून तरातरा वखारीत आला.

"सुंदरराव, कोण मारतंय माप?"

"ओरडू नका, आप्पा. दोन्हीवर मोहर हाय. पाणी आण रं!"

पाणी आलं. मी काठोकाठ भरले. राधाकिशननं ते बसप्पाच्या अधोलीत ओतलं. थेंब सांडला नाही, थेंब उरला नाही. सुंदररावांनी लोकांकडे पाहिलं. लोक "वा!" म्हणाले. कशाला वा, ते त्यांना माहीत नव्हतं.

"पाण्याला शीग चढत न्हाई, सुंदरराव," बसप्पा म्हणाला. "ज्वारी वता."

दोन्ही मापं पुसून एका फडक्यावर ठेवली. दोन्हीवर दाणे घरंगळेपर्यंत ज्वारी ओतली. मग बसप्पानं पट्टीनं एकेकीची शीग खाली पाडली आणि चिपट्यानं मापली. त्याच्या अधोलीची शीग अर्धं चिपटं. माझी अडीच चिपट्यांहून जास्त.

सात खोल्यांची माणसं दहा वर्षं देत आलेली टेकडी आज फडक्यावर पडली होती. एकजण तरी बोलेल असं मला वाटलं. सटवा घसा खाकरून म्हणाला, "पर मालकाची रीतच हाय ती. रीतीला नाव कावून ठेवायचं?"

सुंदरराव मात्र सटवाइतके मूर्ख नव्हते. त्यांनी हात वर केला. "खरं हाय आप्पाचं. लोकाच्या पोटावर शीग नको. आजपासून या वाड्यात शीग बंद! भाडं सपाट!"

काय तो जल्लोष! कुणीतरी नारळ आणायला धावलं. त्या गोंधळात भिवराबाई पोतं ओढत राधाकिशनसमोर बसली.

"आजपासून म्हणलात न्हवं, मालक? मग ही मापा. सहा, सपाट."

"उद्या बघू की, बाई."

"आताच मापा. समदे हायेत हितं. आप्पा बी हायेत."

सुंदररावांना लोकांच्या टाळ्या हव्या होत्या, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. राधाकिशननं पट्टी फिरवत सहा मापली. पोत्यात तीन चिपटी ज्वारी उरली. एका दिवसाची मजुरी. तिनं ती पदरात बांधली आणि आश्रुबाला म्हणाली, "चला. खोली आपली हाय महिनाभर."

ती उठून गेल्यावर सुंदररावांनी पुढचं वाक्य सांगितलं. "पुढल्या महिन्यापासून भाडं आठ अधोली. महागाई लई झालीय. पर सपाट बरं का, सपाट!"

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या आणि संध्याकाळी दुसरा हार घातला. याही वेळी झेंडूचाच.

भिवराबाई त्याच महिन्यात, दिवस भरायच्या आधीच, चौथ्या खोलीत बाळंत झाली. मुलगी झाली. महिना संपताना त्या दोघांनी खोली सोडली आणि मुलीला घेऊन ते तिच्या माहेरी, शिरूरकडे निघून गेले. आश्रुबानं मालकाच्या पाया पडायला हवं होतं असं सटवाचं मत होतं.

आता मी एका गोठ्यात आहे. माझ्यात सरकी भिजवतात. मला चिंच लावून घासा, जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. मी दोन शेरांची होते आणि आहे. लबाडी मला येत नाही, तिला हात लागतात. मागणं एवढंच, की माप समोर आलं तर आत किती मावतं तेवढंच पाहून टाळ्या वाजवू नका. वर किती राहतं, आणि देताना ते कुठे जातं, तेही पाहा. तुम्ही पाहाल असं मला फारसं वाटत नाही.

भिवराबाईनंतर चौथ्या खोलीत नेकनूरचं कुटुंब आलं होतं. त्यांनी पहिलं भाडं आठ अधोली सपाट दिलं. ते गेल्यावर राधाकिशननं दार लोटलं आणि तीच ज्वारी माझ्यानं, शीग लावून, पुन्हा मापली. सहा भरली.