न मोजलेले दोन सोमवार

अठरा वर्षं मी धाराशिवच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतोय. एवढ्या काळात मला स्वतःच्या हुशारीबद्दल कधी शंका आली नाही. पोरांना येत असावी, पण ती बोलत नसत.

हर्षाली माझ्याकडे पीएच.डी. करत होती. येरमाळ्याच्या शेतकऱ्याची लेक. विषय तेर भागातल्या विहिरींची पाणीपातळी. तीन वर्षं दर सोमवारी ती एसटीनं तेरला जायची, त्याच चौदा विहिरी त्याच क्रमानं मोजायची, वहीत लिहायची आणि परत फिरायची. कुणी चहाला बोलावलं तरी थांबायची नाही, क्रम मोडतो म्हणून. लोक तिला शिष्ट म्हणत. मीही वैतागायचो. मग एकदा तिनं केबिनचं दार लावून डॉक्टरांचा कागद माझ्यापुढं ठेवला. तिला ऑटिझम होता.

"कुणाला सांगू नका सर. लोकं मग माझं खरं धरत न्हायत."

मी शब्द दिला.

तिच्या तक्त्यात दोन सोमवार कोरे होते. तेव्हा एसटी बंद होती, म्हणून तिनं तिथं नुसतं 'गेले नाही' असं लिहिलेलं. समितीपुढं अहवाल ठेवायचा होता आणि नोंदणी टिकणार की नाही, ते त्यावरच ठरणार होतं. मी म्हटलं, "अगं, मागचा आकडा बघ, पुढचा बघ, मधला अंदाजानं टाक. सगळेच टाकतात."

"पण मी मोजलं न्हाय ना सर."

तीनदा सांगितलं, तीनदा तेच उत्तर. माझं डोकं फिरलं. शेवटी तक्ता टाईप करताना ते अठ्ठावीस आकडे मीच भरून टाकले. वर पोरीवर उपकार केल्यासारखं वाटलं.

समितीत बाहेरून आलेले प्राध्यापक नेमके तेरचे निघाले. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "या दोन आठवड्यांत एसटी बंद होती. तुम्ही गेलात कशा?"

"गेले न्हाय सर," हर्षाली म्हणाली. "हे आकडे माझे न्हायत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी बोलून गेलो, "तिला ऑटिझम आहे, सर्टिफिकेट आहे. आकडे तिनंच आणून दिलेत, तिच्या लक्षात राहत नाही."

प्राध्यापक लगेच मवाळ झाले. "असू दे बाळ. सहा महिन्यांनी पुन्हा ये." हर्षाली टेबलाच्या कडेकडं बघत राहिली. तिची नोंदणी वाचली, माझी अब्रूही वाचली, असा मी हिशेब केला आणि घरी जाऊन पोटभर जेवलो. आज ते आठवलं की मला माझी किळस येते.

चार दिवसांनी ती स्टाफरूममध्ये आली. सोबत आई सारजाबाई, हातात वह्यांनी भरलेली पिशवी.

"सर, सगळ्या वह्या तपासल्या. ते आकडे कुठंच न्हायत. मी तुम्हाला कोणत्या तारखेला दिले?"

मी फाईल चाळल्याचं सोंग केलं.

"तुम्ही खोटं बोलणार न्हाय," ती शांतपणे म्हणाली. "म्हणजे मीच विसरले. मग बाकीचे आकडे तरी खरे कशावरून? असलं काम मला देता येणार न्हाय." तिनं अर्ज पुढं केला. नोंदणी रद्द करण्याचा.

सारजाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "चार दिस धड जेवली न्हाय सर. सारखं इचारती, आई, त्या सोमवारी म्या घरीच हुते का? म्या सांगते, व्हय गं, माझ्यापशी बसून शेंगा फोडत हुतीस. तर म्हनती, सर चुकायचे न्हायत. तुमीच समजावा आता."

एक वाक्य पुरलं असतं. पण पलीकडच्या टेबलावर शंभुलिंग सर पेपर तपासत होते आणि त्यांचा पेन थांबलेला मला दिसत होता. मी म्हणालो, "तब्येत आधी. थोडे दिवस आराम कर." आणि सही केली.

हर्षालीनं कागद घेतला, वाचला.

"सर, आज बावीस तारीख हाय. तुम्ही एकवीस लिहिलंय."

मी दुरुस्ती करायला पेन उचलला. तेवढ्यात ती आईकडं वळली आणि हळूच म्हणाली, "आई, आज बावीसच हाय ना गं?"